सुमनमावशींची खालची हिरडी

सुमनमावशींचा खालचा ओठ मी दोन बोटांनी खाली केला, बघितलं आणि हातातली कात्री परत ट्रेमध्ये ठेवून दिली.

टाके काढायला बोलावलं होतं त्यांना. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या टाळूतून एक पातळ पट्टी काढून मी खालच्या पुढच्या चार दातांसमोर शिवली होती. एव्हाना ती गुलाबी होऊन जागेवर बसायला हवी होती. ती पांढुरकी पडून एका टाक्याला लोंबत होती. उजव्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा भाग तेवढा जगला होता. बाकी सगळं फुकट गेलं होतं.

"मिश्री लावलीत ना?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

"मावशी, खरं सांगा."

"न्हाई वो मॅडम. हातबी लावला न्हाई डबीला."

"मग हे काय आपोआप झालं? तंबाखूशिवाय असं होत नाही. तीन महिने घसा कोरडा करून सांगतेय मी. तुम्ही इथं हो हो म्हणता आणि घरी जाऊन परत तेच."

माझा आवाज मुळात मोठा. त्यात ते क्लिनिक छोटं आणि खोलीचं दार अर्धंच, वरून उघडं. बाहेर बाकावर पाच-सहा जण बसले होते. सगळ्यांनी ऐकलं. माझी असिस्टंट वैशाली खाली मान घालून कापसाचे बोळे करत बसली. सुमनमावशींनी ओठ मिटून घेतला आणि पदर तोंडावर धरला. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता जरा मागचं सांगते.

मी हिरड्यांची डॉक्टर. दातांच्या डॉक्टरांमध्येही हा वेगळा विभाग असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझे सासरे अजूनही लोकांना सांगतात, "सूनबाई दातांच्या आजूबाजूचं बघतात." मी राहते लोणावळ्यात. बुधवार-शनिवार जुन्या हायवेनं खाली उतरून कामशेतला एका डेंटल क्लिनिकमध्ये बसते. क्लिनिक ज्यांचं आहे त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. ते दात काढतात, भरतात, कवळ्या बसवतात. हिरडीचं काही अवघड आलं की माझ्यासाठी ठेवतात.

सुमनमावशी दिवाळीनंतर आल्या, टाकवे बुद्रुकहून. बरोबर त्यांचे यजमान, किसनभाऊ. मावशी पन्नाशीच्या पुढे, किसनभाऊ साठीचे. थोडी भातशेती स्वतःची, आणि आवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतावर दोघंही जायची. आवणी म्हणजे एका वाफ्यात दाट वाढवलेली भाताची रोपं उपटून चिखलात ओळीनं लावायची. मावळात हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगितलं.

मावशींच्या खालच्या पुढच्या चार दातांची मुळं निम्मी उघडी पडली होती. दात लांब दिसत होते, पिवळट, आणि मधले दोन बोटानं हलत होते.

याला लोक पायोरिया म्हणतात. दातांवर थर साचतो, तो घट्ट होऊन त्याचं कीटण होतं. हिरडी सुजते, रक्त येतं, दुखत मात्र नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. आत दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू विरघळत जातं. हाड खाली गेलं की हिरडीही त्याच्या मागे खाली जाते. आणि गेलेली हिरडी आपली आपण परत येत नाही. नख वाढतं, केस वाढतात, हिरडी नाही वाढत.

त्यात मावशींची मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना चोळायची. आमच्याकडच्या कितीतरी बायका त्याला व्यसन म्हणतच नाहीत. त्यांच्या लेखी ते दात घासणं. मावशी तीस वर्षं घासत होत्या.

सरांनी एक्स-रे पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "चारही काढ. काढता-घालता सेट दे. पंधरा दिवसांत हसत घरी."

"हाड निम्मं शिल्लक आहे, सर."

"निम्मं गेलंय असंही म्हणता येईल."

"येईल. पण मला बघू द्या."

मी मावशींना सरळ विचारलं, दात काढले तर चालतील का? पुष्कळ जण चालतील म्हणतात, कटकट गेली म्हणतात. मावशी म्हणाल्या, "मॅडम, मी विहारात वाचती."

मला कळलं नाही. किसनभाऊंनी सांगितलं. त्यांच्याकडे आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. ते तीन महिने रोज संध्याकाळी बौद्धवाडीतली सगळी विहारात जमतात आणि एक जण ग्रंथ वाचतो. बाकीचे ऐकतात. टाकव्याला गेली बारा-तेरा वर्षं वाचतात त्या सुमनमावशी. आणि त्या शाळेत गेलेल्या नाहीत. चाळिशीला आल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षर शिकल्या, आणि शिकल्या त्या अशा की वाडीतले कॉलेजला गेलेले पोरगेही वाचायची वेळ आली की त्यांच्याकडे ग्रंथ सरकवतात.

"औंदा वाचताना दात हलायला लागला," मावशी म्हणाल्या. "स म्हणलं की वारं जातंय. ल्हान पोरं हसली. पोरांचं काय न्हाई. पर दात काढल्यावर त, द, स, सगळंच जाईल की. मग वाचायचं काय?"

खोटे दात लावूनही बोलता येतं, वाचता येतं, हे मी त्यांना सांगितलं. सांगायला हवंच. पण हेही खरं की सवय व्हायला महिने जातात, आणि काहींना होतच नाही. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऱ्हातील का माजे?"

"प्रयत्न करू. मिश्री सुटली पाहिजे. ती सुटली नाही तर मी हात लावणार नाही."

"सोडली," मावशी म्हणाल्या. मी असं 'सोडली' महिन्यातून दहा वेळा ऐकते. मी ते फार मनावर घेतलं नाही.

पुढे दोन-अडीच महिने आम्ही पाया घातला. हिरडीच्या आतपर्यंत जाऊन मुळं खरवडून साफ केली. हलणाऱ्या दातांना मागच्या बाजूनं बारीक तार चिकटवून शेजारच्या घट्ट दातांशी बांधलं. मऊ ब्रश कसा धरायचा ते वैशालीनं शिकवलं. ही वराळ्याची मुलगी, तिची आजीही मिश्री लावायची, त्यामुळे तिला माझ्यापेक्षा बरं समजावता येतं. सूज उतरली, रक्त थांबलं. हाडात खोल खड्डा असता तर त्यात हाडाची पूड भरता आली असती. इथं हाड सगळीकडून सारखं सपाट उतरलं होतं, भरलेलं काही तिथं टिकलं नसतं. मात्र त्या चार दातांसमोर घट्ट हिरडी जवळजवळ उरलीच नव्हती. ब्रश लागला की दुखायचं, दुखलं की मावशी ब्रश टाळायच्या, आणि टाळलं की परत कीटण. तिथं नवी, जाड हिरडी हवी होती. ती माणसाच्या स्वतःच्या टाळूतून मिळते.

फेब्रुवारीत ग्राफ्ट करायचं ठरलं. त्या दिवशी मी दोघांना समोर बसवून समजावलं.

"टाळूतून एक पातळ पट्टी काढायची. खाली दातांसमोर जागा तयार करायची आणि तिथं ती शिवायची. पहिले दोन-तीन दिवस त्या पट्टीला स्वतःचं रक्त मिळत नाही. खालून जो ओलावा पाझरतो त्यावर ती जगते. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात आणि ती धरते. मुळं पूर्ण झाकली जाणार नाहीत, पण हिरडी घट्ट होईल."

किसनभाऊ लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी आवणीच की."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पंधरा वर्षं मी हे ग्राफ्ट प्रकरण समजावतेय, इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. "अगदी बरोबर, भाऊ. आवणीच. एका जागचं रोप दुसऱ्या जागी." मी वैशालीलाही म्हटलं, हे लक्षात ठेव, पुढच्या पेशंटला सांगू. त्या आनंदात बाकीच्या सूचना मी भरभर उरकल्या. गार खा, मऊ खा, तिथं ब्रश नको, मिश्री नको. आणि छापील कागद हातात दिला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. वर गुलाबी लेपाचं पॅक लावलं, ते दोन दिवसांत पडलं तरी घाबरू नका म्हणून सांगितलं. मावशी हात जोडून घरी गेल्या.

आणि दहा दिवसांनी ते लोंबतं चिंधूक.

तर मी मावशींना नाही नाही ते बोलले. तेवढ्यात दार ढकलून किसनभाऊ आत आले. चपला बाहेर काढलेल्या, टोपी हातात.

"मॅडम, तिनं न्हाई लावली," ते हळू आवाजात म्हणाले. "तीन म्हयनं झालं, मी बघतोय. डबी मीच वड्यात टाकून आलो. तिला काय बोलू नका."

"मग कसं झालं हे, भाऊ?"

"मलाबी त्येच कळंना. मी तर रोज बघत हुतो."

"काय बघत होतात?"

"धरलंय का त्ये."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. "कसं बघत होतात? मला दाखवा."

किसनभाऊ बेसिनपाशी गेले. साबण लावून हात धुतले, बोटांत बोटं घालून घालून धुतले, परत साबण लावला. पुण्याच्या कॉलेजात मी शिकवते ते स्टुडंट्सही इतके हात धूत नाहीत. मग मावशींसमोर उभे राहिले. मावशींनीही सवयीनं मान वर केली. भाऊंनी डाव्या अंगठ्यानं त्यांचा ओठ खाली केला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची चिमूट, हवेतच, अगदी हळू वर ओढून दाखवली.

आवणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस खाचरात उतरतो. इथं-तिथं एखादं रोप चिमटीत धरून हलकं ओढून बघतो. हललं नाही म्हणजे मूळ धरलं. हाताला आलं तर तिथं दुसरं लावून जागा भरून काढायची. जाणता शेतकरी हे करतोच.

"दिवसातून किती वेळा?" मी विचारलं.

"सकाळचं एकदा, उजेड आला की वट्यावर बसवून. आन सांजच्याला एकदा. लय हळू वो मॅडम. तुमी म्हणलात आवणीच हाय, मग न बघता कसं ऱ्हायचं? चौथ्या दिशी जरा ढिलं वाटलं, तवा दाबूनबी बसवलं."

वैशालीनं तोंडावर मास्क ओढून घेतला. हसू होतं की काय होतं कोण जाणे. मला हसू आलं नाही. ज्या दिवसांत त्या पट्टीत केसाहून बारीक रक्तवाहिन्या शिरत असतात, त्याच दिवसांत हा भला माणूस रोज दोन वेळा, स्वच्छ हातांनी, त्या तोडत होता. आणि त्याला तसं करायला मीच सांगितलं होतं.

"कागदावर लिहिलं होतं की, ओठ ओढून बघू नका," मी म्हटलं. म्हणजे अजूनही मी स्वतःला सोडवायलाच बघत होते.

मावशींनी पिशवीतून कागद काढला. चार घड्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला. "ह्यो इंग्रजीत हाय," त्या म्हणाल्या. "म्या लय बघितला. आकडे तेवढे कळले."

तो कागद मी पुण्याच्या कॉलेजमधून आणलेला होता, कितीतरी वर्षांपूर्वी. कामशेतला, टाकव्याच्या, नाणे गावच्या, गोवित्रीच्या लोकांना मी तो इतकी वर्षं वाटत होते. सातव्या क्रमांकाची सूचना ओठाची होती. आणि माझ्यासमोर बसलेली बाई तीन महिने रोज अख्ख्या वाडीला वाचून दाखवणारी.

मी "चुकलं माझं" म्हटलं. पण किसनभाऊंसारखं हळू म्हटलं. आरोप सगळ्यांनी ऐकला, माफी फक्त तिघांनी. उरलेला तुकडा कापून टाकला, जखम धुतली आणि आठवड्यानं या म्हणून सांगितलं.

सर म्हणाले, "मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत."

"आता काढ ते दात. परत टाळू कापायला ती तयार होणार नाही. तू तरी का हट्ट करतेस? इगो?"

"थोडा इगो. बाकी चूक माझी आहे, तिचे दात का जावेत?"

पुढच्या बुधवारी मावशी आल्या नाहीत. शनिवारीही नाही. फोन केला तर किसनभाऊ म्हणाले, "ती न्हाई म्हणती." क्लिनिक दुपारी संपलं, तशी मी वैशालीला गाडीत घातलं आणि टाकव्याला गेले. डॉक्टरनं पेशंटच्या घरी असं जायचं नसतं, असं आम्हाला शिकवतात. शिकवणाऱ्यांनी कधी माझ्याएवढी माती खाल्ली नसावी.

मावशी ओट्यावर तांदूळ पाखडत बसल्या होत्या. या म्हणाल्या, पाणी दिलं, परत सूप हातात घेतलं. किसनभाऊ खांबाला टेकून उभे.

मी माफी मागितली. कागदाची, समजावण्याची, ओरडण्याची.

मावशींचं सूप थांबलं. "दाताचं जाऊ द्या मॅडम. त्ये झालं न कळत. पर तुमी मिश्रीचं म्हणलात."

"चुकलंच ते."

"तुमाला ठावं न्हाई. मिश्री सोडली तवा मी विहारात बायांपुढं बोलली हुती. म्हणलं, मी पंचशील सांगती तुमाला, नशापाणी नको म्हणती आन माज्याच दातावर तंबाखू, हे बरं न्हाई. आजपासनं सोडली. माजं बघून अजून दोघींनी सोडली. आन तुमी वरडला तवा दवाखान्यात भाईर बाकावर आमच्याच दोघी बसल्या हुत्या. दुसऱ्या दिशी वाडीभर झालं, सुमनबाई लपून लावती." सुपातला एक खडा वेचून त्यांनी अंगणात टाकला. "ज्या दोघींनी सोडली हुती, त्यातली एक परत लावाया लागली."

एवढी वर्षं मी लोकांच्या तोंडात बघतेय, पण तोंडातून निघालेला शब्द कुठवर जातो याचा विचार कधी केला नव्हता. वैशालीनं मला कोपरानं ढोसलं, म्हणजे बोला काहीतरी.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "जशी चारचौघांत बोलले, तशीच चारचौघांत सांगते. तुम्ही म्हणाल तिथं, म्हणाल तेव्हा."

"विहारात?"

"विहारात."

मावशींनी सूप खाली ठेवलं. "मग आषाढात या. वाचन सुरू हुतं त्या दिशी. समदी असत्यात." मग जिभेनं पुढचा दात चाचपला. "पर त्या दिशी मी वाचाया पायजे ना. ह्ये व्हईल का तवापातुर?"

टाळूची जखम पुरती भरायला आठ-दहा आठवडे लागतात. मी बोटांवर हिशोब केला. मे महिन्यात दुसरं ग्राफ्ट, जुलैत वाचन. "व्हायला पाहिजे," मी म्हटलं. नक्की म्हणाले नाही. त्या दिवसापासून मी नक्की हा शब्द जपून वापरते.

मधल्या काळात मी तो कागद मराठीत लिहिला आणि मावशींनाच वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. सातव्या सूचनेला अडल्या. "'शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने अधरोष्ठ ताणू नये.' मॅडम, ह्यो अधरोष्ठ कुटं असतो?"

वैशाली खो खो हसत सुटली. मग आम्ही तिघींनी बसून तो कागद पुन्हा लिहिला. मावशी सांगत होत्या, मी लिहीत होते. सातवी सूचना त्यांच्याच शब्दांत आहे: ओठ ओढून बघायचं नाही. घरच्यांनीही बघायचं नाही. धरलंय का ते डॉक्टर बघतील.

मे महिन्यात दुसऱ्यांदा टाळू कापला. या वेळी दुसऱ्या बाजूचा. मावशी खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांचे हात थंडगार होते. पहिल्या वेळी त्यांना ठाऊक नव्हतं किती दुखतं, आता ठाऊक होतं. वैशाली सबंध वेळ त्यांचा हात धरून होती. मी टाके नेहमीपेक्षा दोन जास्त घातले.

ऑपरेशन झाल्यावर मी किसनभाऊंना बोलावलं. "भाऊ, आता सांगा बरं, घरी गेल्यावर तुम्ही काय करणार?"

"मी घरी जातच न्हाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सुदुंबऱ्याला लेकीकडं चाललोय. पंधरा दिस. हितं ऱ्हायलो तर हात शिवशिवत्यात माजे. म्होरं बसली की वाटतं, बघावं जरासं. त्यापरीस नकोच." त्यांच्या पायाशी खरंच कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. मावशींजवळ राहायला त्यांची बहीण येणार होती.

लग्नाला पस्तीस वर्षं झालेली, आणि एवढे दिवस वेगळे राहण्याची दोघांची ही पहिलीच वेळ. पहिला आठवडा मावशींना बोलायचीही बंदी होती, ओठ हलू नये म्हणून. किसनभाऊ रोज सांजेला फोन करायचे. हे मला मावशींच्या बहिणीनं सांगितलं. ते एकटेच बोलायचे. नातवानं काय केलं, जेवायला काय होतं, तिकडच्या विहिरीला पाणी किती. मावशी फोन कानाला लावून नुसतं ऐकायच्या आणि अधूनमधून हुं करायच्या. बोलणं संपलं तरी दोघंही फोन ठेवायची नाहीत. शेवटी लेक तिकडून बंद करायची.

पंधराव्या दिवशी टाके काढले. मी ओठ खाली केला. पट्टी गुलाबी होती. कडेला अजून लालसर, थोडी सुजलेली, पण जिवंत. मी हत्याराच्या मागच्या टोकानं हळूच टेकून पाहिलं. जागची हलली नाही. वैशालीनं मावशींच्या हातात आरसा दिला. मावशींनी पाहिलं आणि आरसा उलटा करून मांडीवर ठेवला. मग ढसाढसा रडल्या. मी पण रडले. डॉक्टरनं रडायचं नसतं हेही शिकवतात.

सगळं गोड झालं असं नाही. चारांपैकी तीन दातांची मुळं बऱ्यापैकी झाकली. डावीकडच्या एकाचं अजून उघडं आहे, गार पाणी लागलं की ठणकतं. मधले दात तारेच्या आधारावर उभे आहेत आणि ती तार मला दर सहा महिन्यांनी बघावी लागणार. पण दात आहेत, घट्ट आहेत, ब्रश लागला तर दुखत नाही.

आषाढ पौर्णिमेला मी टाकव्याला गेले. विहारात पन्नासेक माणसं, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका पुढे. वंदना झाली. पाहुण्यांना गुलाबाचं फूल दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी कॉन्फरन्समध्ये तासभर न अडखळता बोलते. इथं दोन मिनिटांत चार वेळा अडखळले. सांगितलं, की सुमनमावशींनी मिश्री सोडली ती सोडलीच. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, सगळ्यांसमोर घेतला. चूक माझी होती, माझ्या कागदाची होती. किसनभाऊंचं नाव मी घेतलं नाही. बायकांमध्ये जराशी कुजबुज झाली. मागून एक म्हातारी म्हणाली, "बरं केलं बाई सांगितलंस."

मग मावशींनी ग्रंथ उघडला. चष्मा सारखा केला आणि वाचायला लागल्या. आवाज मोठा नव्हता, पण एक अक्षर सांडत नव्हतं. मी 'स' कडे कान लावून बसले होते. चार ओळींनंतर ते विसरले आणि नुसती ऐकत राहिले.

किसनभाऊ अगदी मागे, दाराशी बसले होते. डोळे मिटलेले. वाचन संपल्यावर लोक उठले, मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "भाऊ, आता झालं ना समाधान?"

ते उठून उभे राहिले. "मॅडम, मला अक्षर येत न्हाई," ते म्हणाले. "गेल्या वर्साला हिचा दात हलाया लागला तवा आठ दिस दुसऱ्यानं वाचलं. शिकलेला पोरगा, चांगलं वाचतो. पर दुसऱ्यानं वाचलं की मला नुसतं ऐकू येतं. हिनं वाचलं की कळतं." मग म्हणाले, "म्हणून मी सारखा बघत हुतो वो."

पुढच्या बुधवारी टाकव्याच्या तीन बायका क्लिनिकमध्ये आल्या. त्यांत मिश्री परत सुरू केलेलीही होती. मराठी कागद आता बाहेर भिंतीवरही लावलाय. आणि मी एक नवी सवय लावून घेतली आहे. सगळ्या सूचना सांगून झाल्या की पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना विचारते, "आता तुम्ही घरी जाऊन काय काय करणार, मला सांगा." त्यात दहा मिनिटं जास्त जातात. सर घड्याळाकडे बघतात. निम्म्या वेळा उत्तर ऐकून मला घाम फुटतो. फुटू दे. टाके घालायच्या आधी फुटलेला घाम परवडतो.